खांदेरीची बत्ती जपायची तर आधी चुना ओळखा

अलिबागजवळच्या थळ गावातल्या एका तरुणाने विचारले आहे: "आम्ही पंधरा-वीस मुले गडसफाईसाठी खांदेरीला जातो. किल्ला जागतिक वारसा यादीत गेल्यापासून उत्साह वाढला आहे, पण आमच्यातच वाद आहे. काही म्हणतात, वरचे दीपगृह इंग्रजांचे, त्याचा किल्ल्याशी काय संबंध? काही म्हणतात, तेही जपायला हवे. जपायचे तर कसे? गावातल्या देवळाला आम्ही मागच्या वर्षी सिमेंटचा गिलावा करून वॉटरप्रूफ रंग दिला. बेटावरच्या जुन्या बांधकामांना तसेच करता येईल का? परवानगी, हंगाम, साहित्य, सगळे सविस्तर सांगा."

समुद्रकाठच्या दगडी इमारतींची दुरुस्ती हे माझे सव्वीस वर्षांचे काम. त्यात किल्ल्यांचे बुरूज आहेत, देवळे आहेत आणि तीन दीपगृहेही आहेत. तुमच्या गटातला वाद आधी घेतो. तो सुटला नाही तर पुढचे काम मनापासून होणार नाही.

खांदेरीवर कुणाचा डोळा नव्हता? ऑगस्ट १६७९ मध्ये मायनाक भंडारी यांनी शिवाजी महाराजांच्या हुकमाने बेटावर तटाचे काम काढले, तेव्हा मुंबईचे इंग्रज हादरले. मुंबई बंदरात दक्षिणेकडून शिरणारे प्रत्येक जहाज या खडकावरून दिसते. त्यांनी जहाजे आणून बेटाची नाकेबंदी करून पाहिली. आपल्या लहान होड्या काळोखात, उथळ पाण्यातून रसद पोचवत राहिल्या आणि खोल बुडाच्या जहाजांना त्यांचा पाठलाग जमेना. १८ ऑक्टोबर १६७९ च्या लढाईत दौलतखानाच्या मराठी आरमाराने इंग्रजांचे 'डव्ह' हे गुराब, म्हणजे लढाऊ जहाज, पकडले. पुढे १७१८ मध्ये, कान्होजी आंग्र्यांच्या काळात, इंग्रज पुन्हा चालून आले आणि पुन्हा हात हलवत परतले. जी जागा लढून कधी मिळाली नाही ती त्यांना शेवटी मिळाली एकोणिसाव्या शतकात, मराठ्यांची सत्ता गेल्यावर.

त्याच शतकात मुंबईचे बंदर ओळखू येईना इतके वाढले. अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस बंद झाला आणि आपल्याकडचा कापूस जहाजे भरभरून इंग्लंडला जाऊ लागला. सुएझचा कालवा खुला व्हायला दोनच वर्षे उरली असताना, १८६७ मध्ये, खांदेरीवर आजचे दीपगृह उभे राहिले. सुमारे २५ मीटर उंचीचा अष्टकोनी दगडी मनोरा. मुंबई बंदराच्या हद्दीची दक्षिणेकडची खूण म्हणून तो जहाजांना उपयोगी पडला. उत्तरेला कुलाब्याच्या दांडीपुढे प्रॉन्ग्सची बत्ती आली ती त्यानंतर, १८७५ मध्ये.

आता सांगा, संबंध कसा नाही? महाराजांनी जी नजरेची जागा हेरली, तीच जागा दोनशे वर्षांनी बत्तीसाठी निवडावी लागली. दीपगृह काढून टाकले तर किल्ल्याच्या गोष्टीतला तेवढा पुरावा आपण आपल्या हाताने पुसला असे होईल. ११ जुलै २०२५ ला जे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत खांदेरी आहे. अशा यादीतल्या जागेवर कोणता थर ठेवायचा आणि कोणता खरवडायचा, हे आपल्या आवडीनिवडीवर चालत नाही. १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव दिले गेले. आज आंग्र्यांच्या नावाच्या बेटावर ती बत्ती जळते. मला यात खटकण्यासारखे काही दिसत नाही, उलट समाधान वाटते.

आणि तिसरा थर तुम्ही विसरलात, जो तुमच्या घरचा आहे. बेटावरचा वेताळ. कोळी बांधवांची तिथे ये-जा आहे, नवस आहेत, यात्रा आहे. कुठल्याही जतनाच्या आराखड्यात मी पहिली ओळ ही लिहितो की या लोकांची वाट बंद होता कामा नये. माणसांची वहिवाट असली की बेटावर लक्ष राहते. कुलूप लावलेले बेट चार पावसाळ्यांत निवडुंगाचे आणि चोरांचे होते.

आता बत्ती कशी चाले ते थोडे सांगतो, कारण मोडते काय हे त्यावरूनच कळते.

दीपगृहातली मोठी गोष्ट दिवा नव्हे, भिंग. १८२३ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर कॉर्दुआँ इथल्या दीपगृहात ऑगस्टिन फ्रेनेल यांचे भिंग पहिल्यांदा लागले आणि जगभरची दीपगृहे बदलली. अखंड जाड काच घेण्याऐवजी त्यांनी पितळेच्या चौकटीत काचेचे लोलक कड्यांसारखे बसवले, असे की दिव्याचा इकडेतिकडे सांडणारा उजेड वळून एका आडव्या पट्ट्यात समुद्राकडे जावा. पूर्वी आत तेलाचा वातीचा दिवा असे, नंतर रॉकेलची वाफ जाळणारी मँटलची बत्ती आली, मग वीज. भिंग फिरवायला घड्याळासारखे यंत्र असे. मनोऱ्याच्या मधल्या पोकळीत वजन लोंबे, ते हळूहळू खाली उतरताना चक्रे फिरत आणि ठरावीक तासांनी कुणीतरी हँडल मारून ते पुन्हा वर घ्यायचे. प्रत्येक दीपगृहाचा लुकलुकण्याचा ताल वेगळा असतो, तो नकाशात छापलेला असतो, आणि तांडेल त्यावरून ओळखतो की समोर कोणती बत्ती आहे. हँडल मारायला कुणी विसरले तर ताल चुकला. चुकलेला ताल म्हणजे खोटी खूण, आणि काळोखात खोट्या खुणेपेक्षा खूण नसलेली बरी.

मी हे काम ज्यांच्याजवळ बसून शिकलो ते एक निवृत्त बत्तीवाले होते. बेटावर त्यांनी नोकरीची बरीच वर्षे काढली. सूर्य उगवला की ते भिंगाभोवती पडदे ओढून घेत. नाहीतर भिंग उलटे काम करते: बाहेरचे ऊन गोळा करून आतल्या दिव्यावर सोडते, आणि त्याने आग लागू शकते. मग मऊ कापड स्पिरिटमध्ये भिजवून लोलक वरून खाली पुसायचे. त्यानंतर पितळ, त्यानंतर कंदिलघराच्या, म्हणजे भिंगाभोवतीच्या काचेच्या खोलीच्या, काचा बाहेरून, कारण रात्रभराच्या खाऱ्या वाऱ्याने त्यांवर मिठाचा पापुद्रा आलेला असे. मग गॅलरीच्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल. मग वहीत नोंद. हा क्रम ते बोटांवर मोजून दाखवत, आणि प्रत्येक बोटाला म्हणत, "हे रोज."

मला दीपगृहांच्या जतनाबद्दल जे सांगायचे आहे ते त्या "हे रोज" मध्ये आहे. वादळाने पडलेले दीपगृह मी पाहिलेले नाही. निगा थांबल्यामुळे आतून पोखरलेली मात्र पाहिली. दिवा आपोआप लागू लागला, कुटुंबे किनाऱ्यावर आली, नवा एलईडी दिवा बाहेर गॅलरीत बसला आणि जुने कंदिलघर बंद झाले. बंद म्हणजे कसे? वरच्या घुमटाला हवा जायला एक टोपी असते आणि खालच्या भिंतीत पितळी झरोके. पक्षी शिरतात म्हणून कुणीतरी ते बुजवून टाकतो. झाले. आत दमट हवा कोंडते, पहाटे काचांना आतून पाणी सुटते, ते ओघळून लोखंडी चौकटीच्या खोबणीत साठते. लोखंड गंजले की फुगते, कित्येक पट जागा मागते, आणि काच तडकते. तेच लोखंड दगडात पुरलेले असेल तर दगड फुटतो. जुने कारागीर लोखंडी आकडे दगडात बसवताना भोवती शिसे ओतत ते याचसाठी. म्हणून दीपगृहावर गेलो की मी आधी वर बघतो: टोपी उघडी आहे का, झरोके मोकळे आहेत का. जाळी बसवून ते मोकळे करणे हे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत मोठे काम आहे.

आता मीठ.

मिठाचा एक आकडा लक्षात ठेवा: हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतले पाणी ओढून विरघळते, खाली आली की परत खडे होतात. कोकणात पावसाळ्याचे महिने दगडातले मीठ पाणी होऊन आत आत झिरपत राहते. ऑक्टोबरचे ऊन पडले, सकाळी मतलई सुटली, की ते सुकू लागते आणि खडे धरते. दुपारी समुद्रावरून खारा वारा आला की पुन्हा ओले. रोज हे चालते. खडे पृष्ठभागावर आले तर आपण म्हणतो भिंतीला लोणा लागला. दिसायला वाईट, पण झाडून टाकता येतो. खडे जर आतच, गिलाव्यामागे धरले, तर ते दगडाचा कण कण सुटा करतात. मीठ बाहेर पडू द्यायचे की आत कोंडायचे, एवढाच निर्णय आपल्या हातात असतो.

सिमेंट ते कोंडते. तुमच्या देवळाचे मला इथून सांगता येणार नाही, पण ते जुने जांभ्याचे असेल तर यंदा दिवाळीनंतर भिंतीच्या पायथ्याचा हातभर पट्टा नीट पाहा. तिथे रंग फुगला असेल तर गिलाव्यामागे पाणी अडले आहे असे समजा.

एका दीपगृहावर (नाव घेत नाही) आमच्या आधी कुणीतरी चांगल्या हेतूने सगळ्या मनोऱ्याला सिमेंटचा गिलावा केला होता. वर चकचकीत रंग. बाहेरून देखणा. आमचे गवंडी दादा हातोडीच्या दांड्याने टकटक करत जिन्याने वर गेले. दोन वळणे ठक् ठक् आवाज आला, तिसऱ्या वळणावर बद्द वाजले. छिन्नीचा एक हलका घाव, आणि परातीएवढी खपली अख्खी निघून आली. तिच्या पाठीला दगडाचा पातळ थर चिकटून आला होता, बुरशीसारखा पांढरा. मागच्या दगडाला दादांनी बोट लावले, तर भिजल्या रांगोळीसारखा भुगा बोटावर आला. त्यांनी तो जिभेला लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मीठ हाय सगळं." तो दगड वर्षानुवर्षे वाऱ्यापावसात टिकला होता. सिमेंटच्या पंधरा वर्षांत त्याची बोटभर जाडी गेली.

म्हणून उत्तर स्पष्ट आहे: बेटावरच्या कोणत्याही जुन्या दगडी बांधकामाला सिमेंट लावू नका, वॉटरप्रूफ रंग नको आणि दगडाला चमक आणणारे पारदर्शक रसायनही नको. फटींतही सिमेंट नको. दर्जा (दगडांमधल्या फटी) दगडाहून कठीण मालाने भरल्या की पाणी दर्जेतून न जाता दगडातून जाते, आणि मग दगड झिजतो, दर्जा तशाच पुढे आलेल्या राहतात. तुम्ही हे कित्येक गडांवर पाहिले असेल.

चुना लावायचा. दगडाहून मऊ, श्वास घेणारा, आणि झिजायचे झाले तर दगडाऐवजी स्वतः झिजणारा. कोकणात शिंपल्यांचा चुना भाजत, आता भट्ट्या थोड्या उरल्या आहेत. कळीचा चुना चांगला मिळाला तरी चालतो. तो गोड्या पाण्यात विझवून निदान महिनाभर पाण्याखाली मुरवा. आम्ही तीन महिने मुरवतो. लोण्यासारखा झाला पाहिजे, चिमटीत खडा लागता कामा नये. समुद्राकडच्या भिंतीसाठी नुसता चुना-वाळू पुरत नाही, सुरखी लागते, म्हणजे नीट भाजलेल्या विटेची पूड. सुरखीमुळे चुना ओलाव्यातही धरतो. मी सुरुवात एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू अशी करतो, आणि मूळचा जुना चुना तपासून प्रमाण बदलतो. हिरड्याचे पाणी, गूळ, मेथी यांबद्दल खूप विचारतात. उपयोग आहे, पण चुना नीट मुरलेला नसेल तर गूळ त्याला वाचवत नाही. उत्साही मंडळी गुळाच्या भेल्या आणतात आणि चुना परवा विझवलेला असतो, असे मी अनेकदा पाहिले.

वाळू समुद्राची नको, खाडीचीही नको. नदीची, धुतलेली. पाणी गोडेच. हे ऐकायला सोपे वाटते, पण बेटावर सगळा खर्च इथेच आहे. चुना विझवायला पाणी, वाळू धुवायला पाणी, जुन्या भिंतीतले मीठ काढायला कागदाच्या लगद्याचे लेप द्यायचे तर त्याला पाणी, गिलावा झाल्यावर गोणपाट ओला ठेवायला दिवसातून तीन-चार वेळा पाणी. पिंपे मचव्यातून यायची, धक्क्यावर उतरायची, टेकडी चढायची. म्हणून चुना विझवणे, वाळू धुणे ही कामे किनाऱ्यावर करा आणि मुरलेला चुना झाकणबंद पिंपांतून न्या. बेटावरची जुनी टाकी साफ करून पावसाचे पाणी धरता आले तर पुढच्या हंगामाचा निम्मा भार हलका होतो. मात्र टाकी हीसुद्धा पुरातत्त्वाची वस्तू आहे. गाळ उपसताना पुरातत्त्व खात्याचा माणूस हजर हवा.

हंगाम म्हणाल तर दिवाळी ते होळी. त्याआधी भिंती ओल्या असतात, त्यानंतर ऊन आणि वारा गिलावा फार लवकर सुकवतात. चुना सुकून घट्ट होत नाही; तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. गुढीपाडव्यानंतर मी नवा गिलावा सुरू करत नाही. धरायला दोन-तीन महिने मिळाले नाहीत तर मृगाचा पहिला झोडपा तो धुऊन नेतो.

रंगाबद्दल एक गंभीर गोष्ट. दीपगृहाचा रंग ही सजावट नव्हे. दिवसा जहाजावरून मनोरा ओळखायची ती खूण आहे आणि अधिकृत यादीत तिची नोंद असते. तो रंग, ते पट्टे आपल्या मनाने बदलणे म्हणजे रस्त्यावरची पाटी बदलण्यासारखे आहे. दुरुस्तीतही मूळ छटा सोडायची नाही. जिथे चुन्याची सफेदी आहे तिथे दुधासारख्या पातळ चुन्याचे पाच हात, प्रत्येक हात सुकू देऊन.

परवानगीचे तीन दरवाजे आहेत. खांदेरी राज्य संरक्षित किल्ला आहे, तेव्हा राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाशिवाय एक दगडही हलवता येत नाही. गवत काढायलाही लेखी कळवा. दुसरा दरवाजा बत्तीचा. १९२७ चा दीपगृह कायदा जाऊन २०२१ मध्ये सागरी दिशादर्शक साधनांचा नवा कायदा आला, आणि त्यात एखाद्या दीपगृहाला 'वारसा दीपगृह' म्हणून घोषित करण्याची तरतूद केंद्र सरकारला आहे. हे कलम फार कमी लोकांना माहीत आहे. तुमच्या ग्रामपंचायतीचा ठराव, इतिहासाचे टिपण आणि फोटो जोडून तशी मागणी करता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातली ७५ दीपगृहे पर्यटन सुविधांसह खुली झाली, तेव्हा वाऱ्याची दिशा अनुकूल आहे. तिसरा दरवाजा किनारा नियमन क्षेत्राचा, तो मुख्यतः नव्या बांधकामासाठी.

पर्यटनाचे मी स्वागत करतो, पण प्रत्येक बेटावर नाही. वेंगुर्ल्याच्या समुद्रात, निवतीसमोर, वेंगुर्ला रॉक्सवर दीपगृह आहे आणि तिथल्या गुहांत भारतीय पाकोळ्या घरटी करतात, स्वतःच्या लाळेची. त्या घरट्यांची चोरी होत असे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने त्यांच्या संरक्षणासाठी काम केले. तिथे माणसांची वर्दळ वाढवणे म्हणजे एक वारसा दाखवताना दुसरा मारणे. खांदेरीचे तसे नाही, ती पूर्वीपासून माणसांची आहे.

एक ताकीद. कुठल्याही जुन्या दीपगृहात फिरत्या भिंगाच्या खाली गोल कुंड दिसले तर हात लावू नका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जड भिंगे पाऱ्यावर तरंगती ठेवत. टनाटनांचे भिंग बोटाने फिरे ते त्यामुळे. त्या पाऱ्याची वाफ विषारी आहे. सांडलेला पारा झाडूने गोळा करायचा नसतो, ते तज्ज्ञांचे काम. भिंगही स्वतः पुसू नका. लोलक ज्या लांबीने (पुट्टीने) चौकटीत बसवलेले असतात ती शंभर वर्षांनी ठिसूळ होते, आणि जोर लावला तर लोलक निखळतो. तसा दुसरा आणायचा कुठून?

मग तुम्ही पंधरा-वीस जणांनी करायचे काय? परवानगीचे पत्र हातात आले की नोव्हेंबरात, मतलई स्थिरावल्यावर, पहिली फेरी फक्त पाहण्यासाठी करा. बरोबर एक वही, मीटरची पट्टी, फोन आणि लाकडी दांड्याची हातोडी. दगडाला मारायचे नाही, दांड्याने टकटक करून ऐकायचे. जिथे बद्द वाजते तिथे खडूने गोल न करता वहीतल्या नकाशावर खूण करा. पावसाचे पाणी कुठून उतरते, कुठली पन्हळ तुंबली, कुठल्या सांध्यात पिंपळाचे रोप धरले आहे ते लिहा. रोप उपटू नका, मुळाबरोबर दगड येतो. बुंध्याशी कापा आणि जागा नोंदवा. दर फोटो त्याच ठिकाणी उभे राहून पुढच्या फेरीला परत काढा. होळीला एक फेरी, नारळी पौर्णिमेनंतर एक. अशा तीन वर्षांच्या नोंदी हातात असतील तर कोणत्याही खात्यातला अभियंता तुम्हाला बसायला खुर्ची देईल, कारण त्याच्याजवळही इतक्या नोंदी क्वचित असतात.

आणि किनाऱ्यावरचे एक काम, ज्याला परवानगी लागत नाही. थळ, नवगाव, वरसोली भागात बत्तीवर नोकरी केलेल्यांची घरे अजून असतील, रसद नेणाऱ्या मचव्यांचे तांडेल असतील. त्यांच्याकडे संध्याकाळी जाऊन बसा. पावसाळ्यात बेटावर किती दिवस अडकून पडत, पाणी कुठल्या टाक्यातले पीत, चुना कुठून येई, जिन्याची कुठली पायरी कायम ओली असे, हे विचारा. ती ओली पायरी तुमच्या वहीतल्या नकाशावर शोधा. गळती बहुधा तिच्याच वर असते.